तोरणाची तलवार

फोनवरच्या त्या खेळात तलवार अंगावर आली की काळ ढिला पडायचा. पातं काकवीसारखं सावकाश उतरायचं, आणि खेळणारा ते नुसत्या तळहाताने धरून समोरच्याला उताणा पाडायचा. कुंदन आणि धर्मेंद्र या खेळात आकंठ बुडालेले. या दोस्तीपायीच धर्मेंद्रने वडिलांच्या मागे लागून आपली बहीण चेतना कुंदनला द्यायला लावली.

लग्न प्रकाशा गावी, मुलीच्या दारी. मांडवाच्या तोरणाला तलवार लावल्याशिवाय नवरदेवाने आत पाऊल टाकायचं नाही, ही रीत. कुंदनच्या भाऊबंदांची तलवार सामाईक, पिढ्यान्‌पिढ्या बोथट. तिने वांगंसुद्धा चिरलं नसतं. पण या शहाण्याला तोरण खेळातल्यासारखं एका फटक्यात तुटायला हवं होतं. त्याने शहाद्याला जाऊन गुपचूप धार लावून आणली. हौसेला मोल नाही म्हणतात. असतं, फक्त ते दुसराच चुकता करतो.

तोरणाखाली धर्मेंद्र उभा होता. घोड्यावरून कुंदनने तलवार उगारली, तसा तो हसला आणि खेळातल्यासारखा तळहात पुढे केला. बोथट तलवारीला कोण भितं? कुंदनला ओरडायचं होतं. काळ काही ढिला पडला नाही. तोरण तुटलं, आणि आंब्याच्या पानांत धर्मेंद्रची चार बोटं पडली.

वाजंत्री थांबली. मुलीच्या वडिलांनी, भिलाबापूंनी, तलवार उचलून पात्यावर अंगठा फिरवला.

"हाई धार कोनी लावी?"

कुंदनच्या पाचावर धारण बसली. खरं बोललं तर वऱ्हाड आल्या पावली परत, चेतना कायमची गेली.

"मीच धार लावाले सांगेल व्हतं, बापू," पंच्यात हात गुंडाळून बसलेला धर्मेंद्र म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "कुंदनना काही दोष नही. लगीन थांबाडू नका."

कुंदनला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची किळस आली. तरी त्याने तोंड उघडलं नाही. धर्मेंद्रला गाडीत घालून शहाद्याच्या दवाखान्यात नेलं. लग्न वाजंत्रीविना लागलं.

अंतरपाट सरला. हार हातात धरून चेतना हळू आवाजात बोलली, "भाऊले माहित ऱ्हातं, ते त्यानी हात पुढे करा नसता. तुम्ही काबर चूप राहिनात?"

खाई त्याला खवखवे. भटजींनी घाई केली. कुंदनने मान वाकवली, आणि तिने हार घातला.