दापकोंडचा रुमाल

मित्रांनो, मी तांबड्या खारव्याच्या जाड कापडाचा एक जुना रुमाल आहे. नाक पुसायचा नव्हे, कचेरीतले कागद बांधून ठेवायचा. भोरच्या बाजाराकडच्या एका लहानशा कचेरीत कारकून आनंदरावांनी मला शिवून घेतले आणि वर चिठ्ठी डकवली: दापकोंड. वेल्ह्याकडच्या त्या गावचे सारे कागद माझ्या पोटात होते. माझी गाठ मारायला दोन माणसे लागत. खोटे कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता.

मग धरणाच्या पाण्यात दापकोंड गेले. माणसे सारोळ्याकडे, आणखी कुठे कुठे पांगली आणि त्यांचे कागद त्या त्या गावच्या रुमालात गेले. मी रोडावलो. शेवटी एकच कागद उरला, जमीन मागणारा ठकुबाईचा अर्ज. मोजणीच्या वेळी ती लेकीच्या बाळंतपणाला उत्रोलीला गेली होती, म्हणून बदली जमिनीच्या यादीत तिचे नाव आलेच नाही.

दर बाजाराला ती यायची.

"रावसायेब, माजा कागद हाय न्हवं?"

आनंदराव गाठ सोडून तिला अर्जावरची तिच्या अंगठ्याची निशाणी दाखवायचे. "हा बघा, मावशी. निकाल लागेपर्यंत कुठं जात नाही."

ते खरेच होते. आत एक जरी कागद असला तरी रुमाल रद्द करायचा नाही, असा नियम होता. त्या एका कागदासाठी मी जीव धरून होतो.

चौऱ्याहत्तर साली वरून हुकूम आला, बुडालेल्या गावांचे रुमाल रद्द करा. आनंदरावांनी कळवले, 'रुमाल रिकामा नाही.' आठ दिवसांत उत्तर आले, 'रिकामा करून रद्द करा.'  मग आनंदरावांनी ठकुबाईचा अर्ज किरकोळ कागदांच्या गठ्ठ्यात सरकवला आणि नोंदवहीत माझ्या नावावर रेघ ओढली. त्यांचीही लवकरच बदली झाली. उन्हाळ्यात किरकोळ गठ्ठे जाळले.

ठकुबाई आली तेव्हा मी टेबलावर शाई पुसायच्या कामाला होतो. नव्या कारकुनाने नोंदवहीवरून बोट फिरवले.

"दापकोंड? या नावाचं गाव आमच्याकडं नाही, बाई."

"आसं कसं? म्या तितलीच हाय की."

"मग आता कुठल्या, ते सांगा."

 ठकुबाई आल्या पावली परत गेली, आणि पुन्हा कधी आली नाही.

मित्रांनो, जुने रुमाल खुशाल फाडा, आमची हरकत नाही. पण गाठ सोडल्यावर आत एखादा कागद दिसला, तर तो कोणाचा आहे ते वाचा आणि त्या माणसाला आधी सांगा. ठकुबाईला कोणीच सांगितले नाही.