उस्तादांची ऐरण

लोहाराला ही बातमी बायकोनं भांडी विसळता विसळता सांगितली.

"धाकटीचा फोन आला होता. भाऊजींनी ऐरण आणलीय म्हणे. तुमच्या उस्तादांची."

लोहार तोंड पुसत होता, तो टॉवेल तसाच तोंडावर धरून उभा राहिला. "कुणाची?"

"उस्तादांची. भाऊजी काकूंकडे गेले, मागितली, त्या म्हणाल्या घेऊन जा. झालं."

झालं! लोहारानं उस्तादांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली होती, त्याच ऐरणीवर. तिच्या डाव्या कडेची उडालेली खपली त्याला आपल्या दाढेसारखी ठाऊक होती. उस्ताद जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून त्यांच्या बायकोनं, काकूंनी, भट्टीच्या खोलीला कुलूप घातलं होतं. लोहार त्या गल्लीतून जाताना खिडकीच्या फटीतून डोकावून यायचा. ऐरण जागेवर दिसली की त्याचं पोट भरायचं. मागितली मात्र कधी नाही. पहिल्या वर्षी काकू दुःखात होत्या. दुसऱ्या वर्षी वाटलं, हा वस्तूवर डोळा ठेवूनच आला असं म्हणतील. मग इतके दिवस फिरकलो नाही, आता कुठल्या तोंडानं जाऊ, असं झालं. आणि मनात कुठेतरी खात्री होती, की आपल्याला सोडून ती जाणार कुणाकडे?

ती गेली साडूकडे. विमा कचेरीत तीस वर्षं कागद पुढे सरकवून आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडलेल्या माणसाकडे! लोहारकामाच्या हौशीपायी यानं भट्टी पेटवायच्या आधी कातडी एप्रन विकत घेतला होता. तीन हातोडे घेतले, सांडशा उंचीप्रमाणे भिंतीवर टांगल्या, आणि महिनाभर खपून एक खुंटी बनवली, टोकाला पान असलेली. सासूबाईंनी ती बैठकीत लावली. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायच्या, "आमच्या धाकट्या जावयानं स्वतःच्या हातानं केलीय हो!" त्याच घराचं फाटक लोहारानं वीस वर्षांपूर्वी बनवलं होतं. ते उघडूनच सगळे आत यायचे. त्याबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

रविवारी साडूनं त्याला मुद्दाम बोलावलं.

"साडूभाऊ, तुम्हीच बघून सांगा. आपल्याला काय कळतंय? मी आपला हौशी."

ऐरण शेडच्या मधोमध जुन्या गादीवर ठेवली होती, टेम्पोतून आणली तशीच. साडूनं ती घासून पुसून तेल लावून ठेवली होती. लोहारानं हातोडी उचलून हलकेच मारली. गादीवर ठेवलेली कुठलीही ऐरण वाजते तशी ती वाजली, ठप्प.

"अरेरे," साडू म्हणाला. "आवाज नाही का?"

लोहारानं तेव्हाच सांगायला हवं होतं, की आधी खाली लाकडाचा ओंडका लावा, मग बोला. त्यानं हातोडी बाजूला ठेवली.

"मी व्हिडिओत पाहिलंय," साडू म्हणाला, "वर बेअरिंगची गोळी टाकतात. चांगली असेल तर गोळी उसळते. ही बघा, गोळी आणूनच ठेवलीय."

लोहारानं गोळी घेतली. ऐरणीच्या निमुळत्या शिंगामागे एक छोटी खालची पायरी असते, ती सगळ्याच ऐरणींची मऊ असते. लोहाराला हे मिसरूड फुटायच्या आधीपासून माहीत होतं. त्यानं गोळी नेमकी त्या पायरीवर सोडली. गोळी जरा उडाली आणि घरंगळत खाली गेली.

"मेलीय," लोहार म्हणाला. "उस्तादांनी शेवटी शेवटी फार तापलेलं काम हिच्यावर केलं असणार. हिचं पाणी गेलं, पोलाद मऊ पडलं."

मेलेल्या माणसावर आळ घेताना त्याला आपलाच आवाज परका वाटला. साडूचा चेहरा पडला. धाकटी चहा घेऊन आली होती, तिनं नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मग आता हिचं काय करू?"

"करताय काय! मला वाकडे बार सरळ करायला जड ठोकळा हवाच आहे. नेतो मी."

"न्या की," साडू लगेच म्हणाला. "तुमच्या उस्तादांची वस्तू तुमच्याकडेच बरी."

लोहारानं ऐरण आपल्या दुकानात चांगल्या ओंडक्यावर बसवली आणि पहिला घाव घातला. तो आवाज समोरच्या सायकलवाल्यापर्यंत गेला. "काय आणलंत हो?" त्यानं तिकडून ओरडून विचारलं. लोहारानं घाईघाईनं जुनी साखळी आणून ऐरणीच्या कमरेला गुंडाळली, तिचा आवाज बसावा म्हणून. साडूचं घर तीन गल्ल्या सोडून होतं. नऊ वर्षं ज्या आवाजासाठी जीव टाकला, तोच आता दाबून ठेवायची पाळी आली. काम गोड लागेना. दारात सावली पडली की तो दचकायचा.

पंधरा दिवसांनी साडूचा फोन आला. भंगार बाजारात एक ऐरण दिसलीय, येता का बघायला?

"सवड नाही," लोहार म्हणाला. खरं तर साडूच्या शेजारी तासभर उभं राहायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

साडू एकटा गेला आणि निळ्या रंगाची चकचकीत ऐरण घेऊन आला. ती ओतीव लोखंडाची होती. असल्या लोखंडाची ऐरण म्हणजे दिसायला दागिना, पण घाव बसला की फुटणारी. लोहारानं ती वीस पावलांवरून ओळखली असती. चौथ्या दिवशी साडूचा हातोडा चुकून कडेवर बसला, कोपरा फुटला आणि तुकडा उडून त्याच्या भुवईत घुसला.

दवाखान्यात धाकटी रडत म्हणाली, "बोटभर खाली लागला असता तर डोळा गेला होता. भावोजी, तुम्ही सोबत असतात तर!"

बायकोनं लोहाराकडे पाहिलं. तिनं दुकानातला पहिला आवाज ऐकला होता आणि ती साखळीही पाहिली होती. ती वळून धाकटीचे डोळे पुसायला लागली. तेच त्याला झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोहारानं हातगाडी मागवली. ऐरण साडूच्या शेडमध्ये नेली, ओंडक्यासकट. साडू भुवईवर पट्टी लावून खुर्चीत बसला होता.

"ही चांगली आहे," लोहार म्हणाला. "मी खोटं बोललो."

"का?"

"मला हवी होती."

"मग तसं म्हणायचं होतं ना! मी आणून दिली असती."

"म्हणूनच नाही म्हटलं," लोहार म्हणाला. "तुमच्या हातून घ्यायची नव्हती."

साडूनं उठून ऐरणीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "काकूंनी मला काय विचारलं माहितीय? 'तो का येत नाही रे?' मी म्हटलं, कामात असतात. तुमची बाजू घेतली मी." त्याचा आवाज चढला. "आता जा तुम्ही. आज मला तुमच्याशी बोलवत नाही."

तीन आठवडे दोन्ही घरांत फक्त बहिणी बोलल्या. मग एका सकाळी साडू स्वतःच दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. भुवईत पांढरी रेघ उमटली होती. एक जुना कारखाना बंद पडतोय, आज सामान विकायला काढलंय, भट्टीला पंखा बघायचाय, म्हणाला. "चला. आणि या वेळी खरं सांगा."

कारखान्याच्या आवारात गंजलेल्या ढिगात लोहाराला भट्टीचा एक पंखा सापडला, हातानं फिरवायचा. त्यानं दांडा एकदा फिरवून सोडला. पंखा आपला आपण फिरतच राहिला, लोण्यासारखा. असा पंखा त्यानं उभ्या आयुष्यात दोनदाच पाहिला होता. त्याच्या स्वतःच्या दुकानात विजेचा होता, दिवसभर कानाशी बोंबलणारा. त्याचा हात दांड्यावरून निघेना. साडू पलीकडे कुठल्यातरी रंगवलेल्या, निकामी पंख्यापाशी वाकला होता आणि खुशीत दिसत होता. हा पंखा आपला करायला नुसतं गप्प राहायचं होतं, बाकी काहीच नाही.

"साडूभाऊ," लोहारानं हाक मारली. आवाज चिडकाच निघाला. "ते सोडा. इकडे या. हा घ्या."

साडू आला, त्यानं दांडा फिरवला आणि हरखून गेला. लोहार तोंड फिरवून दुसऱ्या ढिगाकडे निघाला. छातीत जळत होतं ते जळतच होतं.