टिकाऊ पट्टे

"हे रबरी पट्टे न्या, काका. हलके आहेत. दोन वर्षं डोळे झाकून चालतील."

लोडरवाल्याने टायरावर चढवायचा तो पट्टा बोटाने दाबून पाहिला. "आणि दोन वर्षांनी?"

"तेव्हा या की परत! दुकान कुठे पळून जातंय?" दुकानदार हसला.

लोडरवाल्याची बायको दाराबाहेर पाहू लागली. दुकान जागेवरच राहणार होते. येणारा राहणार नव्हता. डॉक्टरांनी मागच्या महिन्यात दोघांना समोर बसवून स्पष्टच सांगितले होते. घरी आल्यावर त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तिला लोडरच्या सीटवर बसवले आणि म्हणाला, "हात बसू दे तुझा. चार घास सुटणार नाहीत मग."

कौलांच्या भट्टीसाठी खाणीतली माती वर आणून टाकायची, हे त्यांचे काम. माती चिकण, चढ निसरडा. परवा तिच्या हातून भरलेला लोडर मागे घसरला आणि चढालगतच्या खोल खड्ड्याच्या अगदी काठाशी येऊन थांबला. तेव्हापासून या पट्ट्यांनी त्याच्या डोक्यात घर केले होते.

कोपऱ्यातल्या पोलादी पट्ट्यांपाशी तो उकिडवा बसला. एकेक पट्टी, त्यांना जोडणारी एकेक पिन चाचपून पाहिली.

"हे द्या."

"अहो, केवढे जड आहेत!" ती पुढे झाली. "रबरीच घेऊ या. उद्या सैल झाले, निघाले, तर मला एकटीला कुठले उचलताहेत हे?"

'एकटीला' शब्द निसटला आणि तिने ओठ घट्ट मिटले. दुकानदाराचे हसू ओसरले.

लोडरवाला पिनीवरून अंगठा फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणूनच तर, अगं. तुझ्यावर उचलायची वेळच येऊ नये."

दुसऱ्या दिवशी भट्टीवरच्या माणसांनी पट्टे ओढून टायरांवर घातले. पिना मात्र त्याने कोणाला ठोकू दिल्या नाहीत. त्या स्वतःच ठोकल्या; दर घावाला त्याला धाप लागत होती.

"घे आता वर."

ती चढाला लागली. लोडर खडखडत, माती चावत, तसूभरही मागे न सरकता वर पोचला. तिने इंजिन बंद करून वळून पाहिले. ओल्या चढावर पट्ट्यांनी पायऱ्यांसारख्या खाचा पाडल्या होत्या. त्यांत एकेक पाऊल रोवत, मध्येच गुडघ्यावर हात टेकत, तो वर येत होता.

ती उतरू लागली, तसा त्याने खालूनच हात हलवला. थांबू नकोस.

तिने चावी फिरवली.