आजाराचं पान

लव्हॉन टेशनं गावातल्या निम्म्या बायकांचे केस कापले होते आणि सगळ्यांची गुपितं ऐकली होती. स्वतःचं मात्र तिनं कुणाच्या कानावर पडू दिलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी तिच्या छातीत कर्करोगाची गाठ निघाली होती. त्यातून ती खडखडीत बरी झाली. पण पुढे नवरा मर्लिन चीजच्या कारखान्यातून निवृत्त झाला. त्याला म्हातारपणाचा सरकारी आरोग्यविमा मिळाला, आणि त्याच्या नोकरीवर चालणारा तिचा विमा गेला. तेव्हापासून तीन कंपन्यांनी तिला दारातूनच वाटेला लावलं होतं. आधीपासूनचा आजार, म्हणे! जणू बाईनं तो हौसेनं विकत आणला होता.

आता नवा कायदा आला होता. जुन्या दुखण्यापायी कुणाला नाकारायचं नाही. लव्हॉनचा काही विश्वास बसेना; दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. डिसेंबरातल्या एका सकाळी रिपोर्टांची जाडजूड फाईल पोटाशी धरून ती मर्लिनबरोबर वाचनालयात गेली. तिथली कर्स्टन लोकांचे अर्ज संगणकावर भरून देत होती.

नाव, जन्मतारीख, पत्ता, उत्पन्न.

“तंबाखू?” कर्स्टननं विचारलं.

“मी नाही खात. ह्याचं विचारशील तर वेगळी पुरवणी लागेल.”

“माझं कशाला मध्ये?” मर्लिन म्हणाला. “मी नुसता गाडी चालवायला आलोय.”

थोड्या वेळानं कर्स्टननं शेवटचं बटण दाबलं. “झालं, मिसेस टेश. पहिला हप्ता भरलात की एक जानेवारीपासून विमा सुरू.”

“थांब, थांब. आजाराचं पान राहिलं.”

“तसं पान नाहीये.”

“सुटलं असेल गं तुझ्याकडून! उद्या माझ्यावरच फसवणुकीचा आळ यायचा.”

कर्स्टननं पहिल्यापासून एकेक पान पुन्हा दाखवलं. “विचारतच नाहीत आता. विचारायचंच नाही.”

लव्हॉननं फाईल टेबलावर ठेवली. तीन आठवडे आरशासमोर तिनं उत्तराची तालीम केली होती, आणि ते कुणालाच नको होतं. तिला फार मोकळं वाटलं. थोडा रागही आला.

“विचारू नका. मी सांगणार,” ती म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं. गाठ, औषधं, गळलेले केस.

कर्स्टनचे डोळे भरले. मग एकदम मोठे झाले. “म्हणजे त्या वर्षीचे ते तुमचे आखूड केस...”

“टोप होता.”

“मिसेस टेश! शाळेच्या नाचाला आम्ही आठजणींनी तुमच्याकडून हुबेहूब तसेच कापून घेतले होते!”

“मग? छान दिसत होतात की!”

दोघी पोट धरून हसल्या. वाचनालयात लोकांना गप्प बसवायचं काम कर्स्टनचंच होतं, त्यामुळे त्यांना कुणी गप्प बसवलं नाही.