दाराबाहेरचा आठ

या मायबाप, जरा पुढं सरकून बसा. कानांवर आलेली नव्हे, राणीसावरगावच्या मारुतीच्या मंदिरात डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगतो.

बन्सीधर गुरुजींची एकुलती राजेश्री परभणीला कॉलेजात होती. तापाचं निमित्त झालं आणि पोर गेली. तेराव्याच्या कीर्तनाला परमेश्वर महाराज उभे राहिले. गुरुजींच्याच शाळेत, राजेश्रीच्याच वर्गात शिकलेला तरणा पोरगा. गळा असा, की दगडालाही पाझर फुटावा. निरूपणात त्यानं सप्ताहाचा फळा पुढं ओढला आणि लिहिलं : १२३४५६७९.

"गुरुजी आमाला असंच रांगेत उभं करायचे. एकेकाला एकेक आकडा. मी सात. आठ मातर दाराभाईर! आता ह्याला नवानं गुणा." खडू सरसर चालला. १११११११११. "बगा, समदे एक! अठरानं गुणलं तर समदे दोन. आठाला आत घेतलं की बिघडलं. देवबी असंच कुनाला तरी भाईर काढतो, माउली, मागल्यांचा मेळ बसावा म्हनून."

टाळकऱ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात बायकांमधून राजेश्रीची आई, कमलबाई, उठल्या.

"परमेश्वरा, दाराभाईर कोन ऱ्हायचं रे उभं?"

महाराजांनी खडू खाली ठेवला.

"राजेश्री, काकू."

"दर खेपंला?"

"...व्हय."

दुसऱ्याच्या लेकराला बाहेर कसं काढावं, असं गुरुजींना वाटायचं. आपलं आपल्याला समजून घेईल. ती उंबऱ्यावर ओठ काढून म्हणायची, "बाबा, आज तरी मला आत घ्या की." "उद्या घेतो, बाळा." पण उद्याही उत्तर बरोबरच यायला हवं असायचं.

गुरुजी उठले. फळ्याजवळ गेले. सात आणि नऊ यांच्यामध्ये जागाच नव्हती. त्यांनी तळव्यानं नऊ पुसला, सावकाश आठ काढला, मग त्याच्याशेजारी नऊ.

"गुण आता."

महाराजांनी खडू घेतला, पुन्हा नवानं गुणलं. ११११११११०१.

"गुरुजी, मधी पूज्य आलं. बिघडलं."

"बिघडू दे," गुरुजी म्हणाले. "आत हाय न्हवं ती."

कमलबाईंनी पदर तोंडात धरला. कीर्तन तिथंच संपलं.

पुढं सप्ताह आला, तरी तो फळा पुसायला कुणाचा हात होईना. कार्यक्रम कागदावर लिहून खांबाला चिकटवला.

एवढंच मागणं आहे, मायबाप. तुमची लेकरं अंक म्हणत सातावर आली, की क्षणभर थांबा. राजेश्री अजून उंबऱ्यावर उभी असेल. तिला आत घ्या.