सुगनबाईंचा पाझरता रांजण

मित्रांनो, शिंदखेड्याच्या बसस्टँडसमोर कडुलिंबाखाली एक जुना रांजण कलंडून पडलेला दिसतो ना, तो मी. आता माझ्यात पाणी ठरत नाही. दुपारचा वारा मात्र तोंडातून आत शिरतो, पोटात घुमतो, आणि अर्धवट झोपेत मला एक क्लॅरिनेट ऐकू येतं. त्या क्लॅरिनेटचीच ही गोष्ट आहे.

मी तापीकाठच्या मातीचा. लहानपणी मला माझी फार लाज वाटे. भट्टीत भाजून निघालो तरी माझ्या अंगातून पाणी पाझरायचं. शेजारचा पितळी हंडा कसा कोरडा ठणठणीत, आणि मी सदा घामाघूम. एका गिऱ्हाइकाने तर मला पाहून नाक मुरडलं. तेव्हा माझा कुंभार तोताराम हसून म्हणाला, "पाझरस म्हनीसन तर गार ऱ्हास." त्याचा अर्थ मला पुढे खूप वर्षांनी कळला.

मला सुगनबाईंनी आणलं. त्यांचं किराणा दुकान होतं. त्यांचे मालक, म्हणजे यजमान, भिकमचंद एका उन्हाळ्यात भुसावळला गेले आणि फलाटावरच ऊन लागून कोसळले, ते पुन्हा उठलेच नाहीत. माणसं भोवती जमली, पण कोणी घोटभर पाणी पाजलं नाही, असं सुगनबाईंच्या कानावर आलं. ते शल्य त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. मालकांच्या नावाने त्यांनी पाणपोई घातली आणि मला वाळूच्या ओट्यावर बसवलं. त्यांचा नेम कडक होता. कोणी माझ्या पाण्याने तोंड धुवायला लागलं की दुकानातून आवाज यायचाच, "हाई पानी पेवाले शे, धोवाले नही."

मीही तोच रुबाब करायचो. आपलं पाणी फक्त ओठांसाठी, असं मला वाटे.

मग ऐंशीच्या दशकातला तो मे महिना आला. ऐन लग्नसराई, डोक्यावर ऊन आणि रस्त्यावरून वरात. बँडमधला आधार नावाचा गडी क्लॅरिनेट वाजवायचा. अंगात लाल जाड कोट, गळ्यापर्यंत बटणं, डोक्यावर झुपकेदार टोपी. नवरदेव छत्रीखाली होता, वाजवणारे उन्हात. सूर मध्येच चिरकला आणि आधार माझ्यासमोर धाडकन पडला.

लोक धावले. कोणी कांदा फोडला, कोणी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली. त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि हाकेला ओ नव्हती. गर्दीत वारासुद्धा शिरेना. ती सारून सुगनबाई आल्या, माझ्यातून तांब्या भरून त्याच्या ओठांशी नेला. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

तेवढ्यात एका बाईंनी त्यांचं मनगट धरलं. त्या इंदिराबाई, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या दवाखान्यात परिचारिका, धुळ्याच्या बसची वाट पाहत होत्या.

"अक्का, तोंडात नको. याला शुद्ध नाही. पाणी श्वासात जाईल आणि हा गुदमरेल."

सुगनबाईंनी तांब्या सोडला नाही. "मना मालकले कोनी घोटभर पानी दिधं नही. आते याले बी नको देऊ?"

"द्या ना, अक्का. पण अंगावर द्या. सगळं द्या."

सुगनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा नेम होता तो. मग त्या म्हणाल्या, "बठ्ठा बाजूले सरका. वता हाऊ रांजन."

सगळे बाजूला सरले, आधारला कडुलिंबाच्या सावलीत नेलं. इंदिराबाईंनी त्याचा श्वास चालू असल्याचं पाहिलं, कोटाची बटणं सोडली, त्याला कुशीवर वळवलं. माझं पाणी त्याच्या डोक्यावर, छातीवर, पायांवर ओतलं जात होतं. भिजवलेली उपरणी मानेला आणि काखेत ठेवली. ढोलवाला भिकन टोपीने वारा घालत होता आणि रडत होता, "ऊठ ना भो." कोणी वऱ्हाडाचा टेम्पो आणायला पळालं.

ओलं अंग आणि त्यावर वारा, की गारवा. तोतारामचं बोलणं मला तेव्हा उमगलं. तळाचं पाणी काढताना मला घाईत कलंडवलं, माझं पोट दगडावर आपटून तडकलं, पण मला दुखल्याचं आठवत नाही. मी सगळा आधारच्या अंगावर होतो.

बऱ्याच वेळाने, टेम्पो यायच्या आतच, त्याने डोळे उघडले. "वरात कोठे गई?"

इंदिराबाईंनी त्याला नाव विचारलं. त्याने नीट सांगितलं, उठून बसला, स्वतःच्या हाताने तांब्या धरला. तेव्हा कुठे त्यांनी सुगनबाईंना मान हलवून खूण केली. तो पहिला घोट पिताना सुगनबाई त्याच्या गळ्याकडे बघत राहिल्या. बरं वाटतंय म्हणत होता, तरी त्याला टेम्पोतून दवाखान्यात नेलंच. पुढच्या लग्नसराईत तो कोटाची बटणं उघडी टाकून वाजवत गेला.

मित्रांनो, मला डागडुजी नको. उन्हात कोणी पडलं, तर त्याला सावलीत न्या, गर्दी हटवा, अंग भिजवा, वारा घाला आणि दवाखान्याची सोय करा. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालू नका. एवढं लक्षात ठेवलंत तरी मी भरून पावलो.

त्या दिवशी संध्याकाळी सुगनबाई माझ्याशेजारी ओट्यावर टेकल्या. माझ्या तड्यावरून त्यांनी हात फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "भुसावळले पानी व्हतं. लोके बी व्हतात. सांगनारं कोनी नव्हतं."

म्हणून मी सांगतो आहे.