बुखाऱ्याच्या पावण्याला शेंदूर

अनिसानं चूक केली ती जुन्नरच्या व्याख्यानात. बुखाऱ्याकडून मक्केला निघालेली माणसं या मुलखातून घाट उतरून बंदर गाठायची, हा तिचा आयुष्यभराचा अभ्यास. पुरावा म्हणून तिनं महाळुंगे पडवळ गावच्या सावळारामच्या शेताच्या बांधावरची कबर पडद्यावर दाखवली. वाटेत मेलेला कुणी गरीब यात्रेकरू. दगडावरच्या फारसीच्या तीन ओळींचा अर्थ तिनं लावला होता, चौथी मातीखाली होती.

दुसऱ्या दिवशी तोच फोटो मोबाईलवर फिरला. 'ह्यांनी शेतंही बळकावली!' फारसी कुणाच्या बापाला येत नव्हती. माथं भडकवायला फोटो पुरतो.

आज भरदुपारी ती बांधावर बसून चौथ्या ओळीवरची माती ब्रशनं झटकत होती, तेवढ्यात सावळाराम धापा टाकत आला.

"ताई, पोरं निघाल्यात. पहारी घिऊन."

"पोलिसांना फोन..."

"केला. बघतो म्हनले. बघत बसत्याल!"

मागून त्याची बायको अंजना आली. हातात तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी. अनिसानं दगडावर हात आडवा धरला.

"वहिनी, नको! अक्षरं कायमची बुजतील."

"मंग फोडू देऊ? सासूच्या सासूपासनं दर गुरुवारी दिवा लावतोय आमी ह्या पावण्याला."

"निदान एक फोटो काढू द्या."

"फोटूनंच तर इथवर आनलं की!"

ओढ्यापलीकडं मोटारसायकली गुरगुरल्या. अनिसानं चौथ्या ओळीकडं पाहिलं. एकच शब्द मोकळा झाला होता. मादर. आई. तिनं वाटीत हात घातला आणि सगळ्यात आधी तोच शब्द बुजवला.

पोरं आली. लालभडक दगड बघून पुढच्याची पहार खाली झाली.

"कबर कुठाय?"

"कसली कबर? आमचा पावणाबाबा हाय ह्यो," अंजना कडाडली. "चपला काढ आदी!"

त्यानं मुकाट्यानं काढल्या. मग नजर अनिसावर गेली. "ह्या कोण?"

अनिसा हे नाव तोंडातून निघालं असतं, तर दगडही गेला असता आणि तीही.

"माझी नणंद. बघतोस काय? बाबाच्या पाया पड!" अंजना मधेच बोलली.

पाया पडून पोरं गेली. गाड्यांचा आवाज विरला. अंजनानं तांब्या पुढं केला.

"हात धुवा, ताई."

अनिसानं लाल हात मागं घेतले.

"आत्ता नको, वहिनी. वाटेत पोरं भेटतील. जुन्नरपर्यंत असू द्या."